नदीचा बोजा

‘‘मावशी, घर गेलं.’’

रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला आणि माझ्या छातीत धस्स झालं. आमच्या चंद्रपूरकडे ‘घर गेलं’ या दोन शब्दांचे अर्थ फार. घर पुरात जातं, खाणीत जातं, रस्तारुंदीत जातं, भावकीच्या कोर्टकचेरीत जातं. भाचीच्या घराचं यातलं काही झालं नव्हतं. व्हायला आधी घर तरी हवं! बघून ठेवलेलं घर दुसऱ्यानं घेतलं होतं, इतकंच. आठ महिन्यांतलं हे तिसरं.

भाची गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, कायम नोकरीत. जावईबापू चंद्रपूरला एका कंत्राटदाराकडे वीजकामाचे सुपरवायझर. राहतात मूलला, भाड्याच्या दोन खोल्यांत. मूल दोन्ही गावांच्या साधारण मधोमध पडतं. सकाळी एक एसटी पूर्वेला जाते, दुसरी पश्चिमेला, आणि चार वर्षांची मुलगी घरमालकिणीच्या स्वाधीन होते. चंद्रपूरच्या रस्त्याला जंगल लागतं, आणि त्या जंगलात वाघ आहे हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. संध्याकाळची एसटी चुकली तर जावईबापू उगाच धाडस करत नाहीत. मित्राच्या खोलीवर पथारी टाकतात. भाचीला रात्रपाळी असतेच. हिशेब मांडला तर तिघं मिळून एका छपराखाली आठवड्यातल्या तीन रात्री काढतात. त्यांना घर हवंय ते एवढ्यासाठी. दोघांपैकी एकाचा तरी रोजचा प्रवास वाचावा, आणि पोरीला झोपताना आई किंवा बाप कुणीतरी शेजारी असावं.

मी बँकेत सदतीस वर्षं काढली. १९८४ साली लागले, २०२१ साली निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं कर्जविभागात गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री. दिवसा लोकांच्या घरांचे कागद वाचले. सातबारा, फेरफार, आखीव पत्रिका, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. कुणाच्या आजोबानं कुणाला विकलं, कुठल्या बहिणीनं हक्क सोडला, कुणाचं नाव चढायचं राहिलं, हे सगळं त्या रुक्ष कागदांत असतं. त्यामुळे घर घ्यायचं ठरलं की नात्यातली मंडळी माझ्याकडे येतात. मावशीला कागद कळतात, असा समज आहे. मीही तो अनेक वर्षं करून घेतला होता. तो कसा ढासळला, ते आज सांगायचं आहे.

आधी भाचीच्या तीन घरांची गोष्ट.

पहिलं घर चंद्रपूरचं. तुकूम भागातलं, वीस वर्षं जुनं, पण बांधकाम घट्ट. मालक चाळीस लाख म्हणाले. भाचीचा पगार पाहता बँक तिला तीस लाखांपर्यंत कर्ज देईल, असा माझा अंदाज होता. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर लाखाला साधारण ८६८ रुपये महिना पडतो. तीस लाखांना झाले सव्वीस हजार. जड होतं, पण झेपलं असतं. दहा लाख दोघांच्या बचतीतून, थोडे तिच्या सासऱ्यांच्या धानाच्या पैशातून उभे राहिले असते. मग मालकांनी खालच्या आवाजात सांगितलं, ‘‘रजिस्ट्री अठ्ठावीसची करू. बारा रोख.’’

ज्यांनी हा हिशेब कधी केला नाही, त्यांच्यासाठी सांगते. बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के रक्कम देता येते. अठ्ठावीस लाखांचे नव्वद टक्के म्हणजे पंचवीस लाख वीस हजार. उरलेले दोन लाख ऐंशी हजार आणि वर रोख बारा, म्हणजे जवळजवळ पंधरा लाख जोडप्यानं आणायचे. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च आणखी वेगळा. तीस लाख फेडण्याची ऐपत असलेल्या मुलीला, घर कागदावर स्वस्त झाल्यामुळे, कर्ज कमी मिळतं! जमिनीच्या व्यवहारात वीस हजारांवर रोख घेऊ नये असा कायदा २०१५पासून आहे. जो घेईल त्याला तेवढाच दंड. पण तो कायदा दाखवला की मालक हसून चहा विचारतात आणि घर दुसऱ्याला देतात. दुसरा कोण? ज्याच्याकडे रोख आहे तो. ज्याची शेती खाणीत गेली आणि मोबदला आला, ज्याचा प्रॉव्हिडंट फंड नुकताच हातात पडला, ज्याचे ट्रक चालतात. त्यांचंही मी वाईट म्हणत नाही. शेत गेल्यावर माणूस पैसा कुठे ठेवणार? जमिनीच्या बदल्यात जमीनच शोधणार. पण त्याच्या बारा लाख रोखीपुढे भाचीची वीस वर्षांची प्रामाणिक मिळकत कमी ठरली, हे खरं.

दुसरं घर चंद्रपूरच्याच पश्चिमेकडचं, इरईच्या अंगाला. छान, नवं, दारापुढे तुळशीवृंदावन. किंमत आवाक्यात आणि व्यवहार पूर्ण पांढरा. भाची हरखली. मी म्हटलं, ‘‘शेजाऱ्यांना विचार, २०२२ साली पाणी कुठवर आलं होतं.’’ तिनं शेजाऱ्यांऐवजी सरळ मालकालाच विचारलं. साधी पोर! मालकाचा चेहरा उतरला. ‘‘विचार करून सांगतो’’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते घर दुसऱ्या एका जोडप्यानं घेतलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

या दुसऱ्या जोडप्याची मला फार काळजी वाटते. आमच्या गावांत घरांच्या बाजारात चढाओढ आहे असं सगळे म्हणतात. चढाओढ पैशाची तर आहेच. पण तिच्या पोटात आणखी एक चढाओढ चालते, कमी प्रश्न विचारण्याची. ज्याला विक्रेत्याच्या दारात टिकून राहायचं आहे त्यानं गप्प बसायचं. सर्च रिपोर्टला पंधरा दिवस लागतील म्हणणारा मागे पडतो. वकील मागाहून बघू म्हणणारा इसार देऊन मोकळा होतो. आणि आमचे हे दोन जिल्हे असे आहेत, की इथे जमिनीला विचारल्याशिवाय तिच्यावर घर करूच नये.

का करू नये, ते मी बँकेत शिकले. फार उशिरा शिकले.

नोकरीच्या ऐन मध्यावर एका शाळेच्या शिपायाचं घरकर्ज मी मंजूर केलं होतं. कागद आरशासारखे स्वच्छ होते. जागा बघायला मी स्वतः गेले, एप्रिल महिन्यात. चंद्रपूरचा एप्रिल ज्यांनी अनुभवला आहे त्यांना इरई त्या दिवसांत कशी असते ते सांगायला नको. वाळूत एक ओली रेघ. मी प्लॉटच्या चारी हद्दी पाहिल्या, फोटो काढले, अहवालात लिहिलं, ‘पश्चिमेस नदी, निसर्गरम्य’. हे शब्द माझेच होते. आजही ते अक्षर डोळ्यांपुढे आहे. २०१३च्या पावसाळ्यात त्या घरात छातीइतकं पाणी शिरलं. पूर ओसरल्यावर तो माणूस बँकेत आला. मला वाटलं, भांडायला आला. त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून फुगलेलं पासबुक काढलं आणि म्हणाला, ‘‘मॅडम, या महिन्याचा हप्ता जरा उशिरा होईल जी.’’

त्यानं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. तीस वर्षांच्या सर्चमध्ये कुठल्या वर्षी कुणी कुणाला विकलं ते सगळं होतं. नदी कुठवर येते ते नव्हतं. ते शोधणं माझ्या कामात बसत नव्हतं, आणि ज्याच्या कामात बसत होतं त्याला मी विचारलं नव्हतं.

इरई चंद्रपूरच्या खाली वर्धेला मिळते. वर्धा तुडुंब असली की इरईच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे फुगतं आणि वस्तीत शिरतं. इथल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक आहे. गोंड राजांनाही ठाऊक असावं. त्यांनी या गावाला परकोट घातला, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे ठेवले. परकोट शत्रूसाठी होता, पण पुराचं पाणीही तो अडवायचा, असं लहानपणी आजी सांगायची. आपण परकोटाबाहेर पडलो, ते ठीकच. वीजकेंद्र आलं, कोळसा आला, कागद आणि सिमेंट आलं, माणसं आली. ती परकोटात मावणार कुठे? पण बाहेर पडताना राजाची भिंत मागे राहिली आणि तिच्या जागी आपण नवी रेघ जमिनीवर कुठे आखलीच नाही. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर ती आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल रेषा. निळीच्या आत घर बांधूच नये, निळी आणि लालच्या मध्ये अटींवर बांधावं, असा नियम. नकाशा कचेरीत असतो, घर जमिनीवर असतं, आणि घर बघायला आलेलं जोडपं रविवारी येतं, जेव्हा कचेरी बंद असते.

पाणी निदान दिसतं तरी. कोळशाचं तसं नाही. चंद्रपूरपासून जवळच घुग्गूस आहे, कोळशाचं जुनं गाव. १९७३ साली कोळसाखाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, पण इथले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून जमिनीच्या पोटात उतरत होते. कोळसा काढताना वरचं छत तोलून धरायला खाली कोळशाचेच खांब सोडतात, पोकळीत वाळू भरतात. पुढे खाण बंद होते, माणसं म्हातारी होतात, वर वस्ती वाढते. ऑगस्ट २०२२मध्ये घुग्गूसच्या आमराई वॉर्डात एक घर लोकांच्या डोळ्यांदेखत जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या शंभराहून अधिक कुटुंबांना तिथून हलवावं लागलं. त्या रात्री मी जुन्या अहवालांच्या आठवणी चाळत बसले. प्लॉटच्या चार हद्दी मी आयुष्यभर लिहिल्या. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. पाचवी हद्द खाली असते, हे कुठल्याही छापील फॉर्मवर नव्हतं.

आता तिसरं घर. खरं तर घर नव्हे, गडचिरोलीतला प्लॉट. भाचीनं विचार केला, चंद्रपूरला जमत नाही तर आपल्या दवाखान्याजवळच बघू. जावईबापूंची ये-जा वाढेल, पण निदान पोर आईजवळ राहील. गडचिरोलीत घर भाड्यानं मिळणंही आता कठीण झालंय. २६ ऑगस्ट १९८२ला हा जिल्हा झाला तेव्हा बदलीचा हुकूम हाती पडला की लोकांच्या घरी सुतक यायचं. मीही तिथे तीन वर्षं काढली आहेत. आता सूरजागडचं लोहखनिज निघतंय, कोनसरीला कारखाना उभा राहिलाय, विद्यापीठ आहे, कचेऱ्या वाढल्यात. माणसं येतायत आणि जागा मागतायत.

पण जागा आहे कुठे? जिल्ह्याचा तीनचतुर्थांश भाग जंगल. उरलेल्यात आदिवासींची शेती, आणि ती बिगरआदिवासीला सहजी विकता येत नाही; जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि १९७४ साली आलेलं ३६-अ तिच्यासाठी पहारेकऱ्यासारखं उभं आहे. ते तसंच राहावं. तो पहारा नसता तर या चढाओढीत पहिली जमीन कुणाची गेली असती हे सांगायला बँकेत नोकरी करावी लागत नाही. त्यानंतर राहतं ते ‘झुडपी जंगल’. हा शब्द पुण्यामुंबईच्या वाचकांना नवा वाटेल. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दफ्तरात गावाभोवतीची हलकी, झुडपांची, गुरं चरायची जमीन ‘झुडपी’ म्हणून लिहिली गेली. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. नावात जंगल, पण झाडं नाहीत. म्हणून तिच्यावर शाळा झाल्या, कचेऱ्या झाल्या, घरं झाली. १२ डिसेंबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयानं जंगल म्हणजे काय याची व्याख्या रुंद केली आणि या जमिनीचा प्रश्न लटकला. अखेर २२ मे २०२५ला न्यायालयानं निकाल दिला की ही जमीन वनच मानायची. १९९६च्या त्या तारखेआधी जी दिली गेली, तिला केंद्राच्या मंजुरीनं नियमित करण्याची वाट काढून दिली. त्यानंतर दिलेल्या जमिनीबाबत मात्र न्यायालय कडक राहिलं.

भाचीला दाखवलेल्या प्लॉटच्या जुन्या कागदात हा शब्द होता, अगदी कोपऱ्यात. मीच तो वाचला. ‘‘याचा खुलासा आणा’’ म्हटलं. खुलासा यायला दिवस लागले आणि तेवढ्यात तो प्लॉट गेला. त्या रात्रीचा फोन तो होता. ‘‘मावशी, घर गेलं.’’ मग थोडं थांबून भाची म्हणाली, ‘‘आपण विचारलं नसतं तर मिळालं असतं ना?’’

मला उत्तर देता आलं नाही. मिळालं असतं. माझ्या हुशारीमुळे माझ्या भाचीची दोन घरं गेली. शहाणपण सांगणारी मावशी तिच्या संसाराला महाग पडली, असं तिच्या सासरी कुणी म्हटलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

गडचिरोलीच्या त्या तीन वर्षांतली एक आठवण इथे सांगायलाच हवी. धानोऱ्याकडचा एक गोंड शेतकरी घर बांधायला कर्ज मागायला आला होता. हातात वनहक्काचा पट्टा, २००६च्या कायद्यानं मिळालेला, प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला. तो पट्टा वारसाला जातो, पण विकता येत नाही. विकता येत नाही ते बँक गहाण घेत नाही. मी त्याला समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘म्हणजे जो आपली जमीन विकू शकते, त्यालाच घर भेटते का जी?’’ त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे पक्की जमीन आहे त्याला कर्ज नाही. जिला कर्ज मिळतं तिला पक्की जमीन नाही. तो आणि माझी भाची, दोघं एकाच रांगेच्या दोन टोकांना उभे आहेत.

तेव्हा उपाय काय? ‘घाई करू नका, चौकशी करा’ हा सल्ला मी आयुष्यभर दिला. आता द्यायला जीभ उचलत नाही. ज्या बाजारात चौकशी करणारा हरतो, तिथे एकट्यादुकट्या जोडप्याला चौकशी करायला सांगणं म्हणजे त्याला हरायला सांगणं. विचारण्याचं काम त्यांच्यावरून काढून घ्यायला हवं. उत्तर आधीच लिहिलेलं हवं, प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर, म्हणजे विचारणारा आणि न विचारणारा दोघंही सारखेच होतील.

त्याला नवा कायदा लागेलच असं नाही. सातबाऱ्यावर एक रकाना आहे, ‘इतर अधिकार’. तुम्ही घरावर किंवा शेतावर कर्ज घेतलं की बँक त्या रकान्यात आपला बोजा चढवते. मी शेकडो वेळा चढवला आहे. तो चढवल्याशिवाय आम्ही पैसा सोडत नव्हतो, आणि कर्ज फिटल्यावर तो उतरवायला खातेदाराला खेटे घालायला लावत होतो. बँकेचा दोन लाखांचा बोजा सगळ्या जगाला दिसावा म्हणून ही सोय. मग नदीचा बोजा का नाही? निळ्या रेषेच्या आतल्या, लाल रेषेच्या आतल्या प्रत्येक जमिनीच्या उताऱ्यावर आणि शहरात आखीव पत्रिकेवर तशी नोंद का नाही? खाली जुनी खाण असेल तर तिचा बोजा का नाही? आदिवासी जमिनीच्या, झुडपीच्या नोंदी कुठेकुठे असतातही. त्या कोपऱ्यातून काढून ठळक का करू नयेत? नकाशे पाटबंधाऱ्यांकडे आहेत, खाणींचे आराखडे खाणवाल्यांकडे आहेत, महसुलाची दफ्तरं तहसिलीत आहेत. तीन कचेऱ्यांतली माहिती एका कागदावर यायची आहे. बिल्डरांच्या मोठ्या योजनांना २०१७पासून रेराची नोंदणी लागते. पण पाचशे चौरस मीटरच्या आतली किंवा आठ घरांपर्यंतची योजना त्यातून सुटते, आणि जुनं घर विकणारा मालक तर त्या जाळ्यात येतच नाही. आमच्या गावांत बहुतेकांचं पहिलं घर असंच असतं, जुनं किंवा लहान योजनेतलं. त्यांना तो एक रकानाच वाचवू शकतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. अशी नोंद झाली की त्या वस्त्यांमधल्या घरांच्या किमती पडतील. बँका कर्ज द्यायला कचरतील. ज्यांनी आयुष्याची पुंजी तिथे ओतली, त्यांचं काय? तो शाळेचा शिपाई आजही तिथेच राहतो. त्याचं घर मी एका ओळीनं मातीमोल करायचं का? मला हे कळतं. म्हणून नोंद करणाऱ्यानंच त्या लोकांची सोयही करायला हवी. जिथे परवानगी सरकारी सहीनं मिळाली, तिथे नुकसानाचा भारही सरकारनं उचलावा. जिथे बँकेनं डोळे झाकून कर्ज दिलं, तिथे बँकेनं थोडं सोसावं. पण लपवून ठेवल्यानं नुकसान टळत नाही, ते फक्त पुढच्याच्या गळ्यात पडतं. आणि पुढचा म्हणजे कोण? नेहमीच वयानं लहान, नव्या संसाराचं, पहिल्यांदा घर घेणारं जोडपं. आपल्या मुलाबाळांच्या गळ्यात आपला तोटा बांधून आपण मोकळे होतो, याला व्यवहार म्हणायचं का?

हा प्रश्न मी दुसऱ्याच्या खर्चानं विचारते आहे असं वाटू नये, म्हणून शेवटी माझ्या घराबद्दल सांगते. १९९६ साली आम्ही, म्हणजे मी आणि माझ्या यजमानांनी, चंद्रपूरला घर बांधलं. बँकेचं स्वस्त कर्ज होतं. आमचं घर लाल रेषेच्या आत आहे. निळीच्या बाहेर आहे, म्हणून बेकायदा नाही. पण आत आहे. २०१३ला पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलं. २०२२ला ते अंगणातल्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं. आता मुलगा नागपूरला बोलावतो, गुडघे जिना मानत नाहीत, म्हणून घर विकायचं ठरलं. मागच्या महिन्यात एक जोडपं बघायला आलं. दोघंही शिक्षक. त्या मुलीला स्वयंपाकघर फार आवडलं. ओट्यावरून हात फिरवत होती. दोघांनी पाण्याविषयी अवाक्षर काढलं नाही. मी त्यांना चहा दिला आणि दुसऱ्या पायरीवरची खूण दाखवली. लाल रेषा म्हणजे काय तेही सांगितलं.

ती दोघं पुन्हा आली नाहीत. दलाल मात्र आला, चांगलाच तापलेला. ‘‘मॅडम, तुम्ही घर विकून राहिल्या का शाळा शिकवून राहिल्या?’’

यजमान माझ्यावर रागावलेत. त्यांचंही बरोबर आहे. त्या घराच्या पैशातच आमचं म्हातारपण आहे. आठ लाख कमी आले तरी विकू, असं मी म्हणते. ते म्हणतात, ‘‘ज्याच्या घरात पाणी छातीला लागलं, तो मुकाट्यानं विकतो, आणि आपण पायरी दाखवत बसायचं?’’ याला काय उत्तर द्यावं! पायरीवरची खूण जर सातबाऱ्यावर असती, तर सगळ्यांचीच दिसली असती, आणि मला एकटीला शहाणी व्हावं लागलं नसतं.

भाचीचा शोध चालू आहे. काल फोन आला होता. मूललाच एक जुनं घर निघालंय, भाड्याच्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे. कौलारू, तीन खोल्या, मागे विहीर, सागाची दारं. दोघांचाही प्रवास तसाच राहील. पण घर तिच्या नावावर होईल, आणि २०२१पासून बाईच्या नावानं खरेदी केली तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, तेवढा दिलासा. घरमालकीण, जी पोरीला सांभाळते, तिनंच हे घर सुचवलं. ती त्या गावात साठ वर्षं राहिली आहे. तिनं आपणहून सांगितलं, इथे पाणी येत नाही, खाली काही खोदलेलं नाही, आणि ही जमीन कुणाची होती ते तिला चार पिढ्यांपर्यंत माहीत आहे.

‘‘तरी पण मावशी, येत्या रविवारी तुम्ही या,’’ भाची म्हणाली. ‘‘कागद बघायला?’’ मी विचारलं.

‘‘कागद सोमवारी बघू. आधी तुम्ही शेजाऱ्यांकडे बसा. मालकाला मी काही विचारणार नाही.’’